कासाराच्या अंगणातलं झाड

एका डोंगराच्या पायथ्याशी, कातळावर वसलेल्या गावात रखमाजी नावाचा कासार राहत होता. बांगड्यांची पेटी पाठीला लावून तो गावोगाव फिरायचा. कुणाच्या हातात हिरवा चुडा भर, कुणा लहानग्या मुलीचा हात चोळून मऊ कर, असं त्याचं काम. वर्षातले नऊ-दहा महिने तो वाटेवरच असे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक लेक चांगुणा सासरी होती, दोन दिवसांच्या वाटेवर.

एका वर्षी नागपंचमीला चांगुणा माहेरी आली. पण सणाचे दिवस म्हणजे कासाराचे कामाचे दिवस. रखमाजी तेव्हा नदीपलीकडच्या गावांत होता. चांगुणा शेजारच्या गोदाक्काकडे दोन रात्री राहिली, बापाची वाट पाहिली आणि परत गेली.

आठवड्याने रखमाजी घरी आला. गोदाक्का ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती.

"चांगुणा येऊन गेली," ती म्हणाली. "ओसाड वाटतं म्हणाली. आता पुन्हा यायची नाही म्हणाली."

रखमाजीने पाठीवरची पेटी उतरवली. त्याने आपल्या घरासमोर नजर टाकली. अंगणात नुसता कातळ. पायरीजवळ तेवढी सुपाएवढी माती होती आणि तिच्यात खुरटं गवत. त्याला वाटलं, खरंच की. पोरीने यावं तरी कशाला? आल्यावर डोळ्याला गारवा वाटेल असं इथे आहे काय?

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो गावाबाहेरच्या मळ्यात गेला. तिथली म्हातारी माळीण रोपं विकायची.

"अंगणात लावायला झाड हवंय," तो म्हणाला. "एकच मावेल."

माळणीने दोन रोपं पुढे ठेवली. एक होतं लिंबाचं. काटक्यांसारखं, चार-दोन पानं आणि बोचरे काटे. दुसरं शोभेचं होतं. जाड मांसल पानं एकात एक बसलेली, अगदी उमललेल्या कमळासारखी, कडांना गुलाबी झाक.

"चांगलं कोणतं?" रखमाजीने विचारलं.

"दोन्ही चांगली आहेत."

एवढ्याने त्याचं भागलं नाही. बांगड्यांचे शंभर रंग तो डोळे मिटून वेगळे करायचा, पण या दोन रोपांपुढे त्याचं डोकं चालेना. शेवटी त्याने दोन्ही उचलली.

वाटेत वैद्य भेटले. "लिंबूच लावा," ते म्हणाले. "सरबताला येतं, लोणच्याला येतं, तोंडाला चव नसली तर येतं. त्या दुसऱ्याचा काय उपयोग? नुसतं बघत बसायचं?" रखमाजीला ते पटलं. त्याने घरी येऊन मातीत लिंबू लावलं.

संध्याकाळी गोदाक्का कुंपणाशी आली. "हे कशाला लावलंत भाऊ? तीन-चार वर्षं फळ धरत नाही ते. तोवर काटे तेवढे बोचतील. शिवाय रोज पाणी लागतं. तुम्ही घरी कधी असता?" रखमाजीला तेही पटलं. दिवस मावळायच्या आत त्याने लिंबू उपटलं आणि शोभेचं लावलं.

सकाळी देवळाकडे जाताना गुरव थांबले. "झाड छान आहे," ते म्हणाले. "पण सावली देईल का? लेक आली तर बसेल कशाखाली?" हेही पटण्यासारखंच होतं. शोभेचं निघालं, लिंबू पुन्हा गेलं.

असं चार दिवस चाललं. ज्याचं ऐकावं त्याचं बरोबर वाटायचं, आणि तो माणूस वळणावर दिसेनासा झाला की उलट वाटायचं. पाचव्या दिवशी रखमाजीने दोन्ही झाडं एकाच मातीत शेजारी शेजारी लावली. सुटलो एकदाचा, असं त्याला वाटलं.

आठवड्याच्या फेरीवर निघताना तो गोदाक्काला म्हणाला, "जरा पाणी घालत जा, अक्का." तिने मनापासून तांब्या-तांब्या पाणी घातलं. तो परतला तर शोभेच्या झाडाची खालची पानं पाणी धरून पिवळी, लिबलिबीत झाली होती. मग पुढच्या फेरीच्या वेळी त्याने सांगितलं, "आता घालू नका." नेमकी त्या आठवड्यात पावसानेही दडी मारली. परत येऊन पाहतो तर शोभेचं जरा सावरलेलं, पण लिंबाची पानं वळून सुरळ्या झालेल्या.

रखमाजी पायरीवर बसला. एकाला द्यावं तर दुसरं मरतं. हात जोडावेत तरी कुणाला, हेही त्याला कळेना. त्याने दोन्ही रोपं मुळांसकट काढून टोपलीत ठेवली आणि मळ्याची वाट धरली.

माळणीने टोपलीत डोकावून पाहिलं. ती रागावली नाही. ओल्या फडक्यात तिने लिंबाची मुळं गुंडाळली. शोभेच्या झाडाची कुजलेली पानं एकेक करून काढून टाकली.

"कासारदादा, झाड कुणासाठी लावताय?"

"लेकीसाठी. तिला अंगण ओसाड वाटतं."

"असं म्हणाली ती? अंगण ओसाड वाटतं, असं?"

 गोदाक्काचे शब्द रखमाजीने आठवून पाहिले. ओसाड वाटतं म्हणाली. काय ओसाड वाटतं, ते त्याने विचारलंच नव्हतं.

"झाडांची चौकशी तुम्ही गावभर केलीत," माळीण म्हणाली. "आता ही एवढी एक करून या. रोपं राहू देत माझ्याकडे."

रखमाजी घाईने घरी आला. गोदाक्का विहिरीवरून येत होती. त्याने वाटेतच तिला गाठलं.

"अक्का, त्या दिवशी चांगुणा नेमकं काय म्हणाली?"

गोदाक्काने कळशी खाली ठेवली. "नेमकं? ती म्हणाली, बाबा गावोगावच्या लेकींचे हात हातात घेतात, आणि मी आले की दाराला कुलूप. बाबा नसले की ओसाड वाटतं. मी तुम्हाला सांगितलं होतं की."

"तुम्ही नुसतं ओसाड म्हणालात."

"मला वाटलं, तुम्हाला कळलं."

त्या दिवशी रखमाजीने पेटी उघडली नाही. घर सोडून तो फिरला होता तो पोटासाठी, हे खरं होतं. पण बायको गेल्यापासून रिकाम्या घरात पाय टाकायला त्याला नको वाटायचं, हेही खरं होतं. शोभेचं झाड ठेवलं असतं तर तो नसतानाही अंगण साजरं दिसलं असतं. म्हणूनच त्याचं मन सारखं तिकडे ओढ घेत होतं. आणि लिंबाला माणूस घरी लागतो, म्हणून ते त्याला नकोही होतं आणि सोडवतही नव्हतं. जमेल का आपल्याला घरी राहणं? त्याला खात्री वाटेना.

खात्री नसतानाच तो मळ्यात गेला आणि म्हणाला, "लिंबू द्या."

शोभेचं झाड त्याने गावाच्या टोकाला राहणाऱ्या गाडीवानाला नेऊन दिलं. तो महिनोन्‌महिने माल घेऊन लांब जायचा, आणि त्याची वाट बघणारं घरी कुणी नव्हतं. त्याच्या भिंतीवरच्या कुंडीत, पावसावर आणि दवावर, ते झाड असं भरलं की येणारा-जाणारा थांबून बघायचा.

रखमाजीने फेऱ्या आखडत्या घेतल्या. दिवे लागायच्या आत परत येता येईल तेवढीच गावं ठेवली. सुरुवातीला घर खायला उठायचं. मग सकाळी लिंबाला पाणी घालायचं काम असल्यामुळे तो उठायचा, आणि उठल्यावर चूल पेटायची. सणाच्या आधी लांबच्या बायका त्याच्याच ओट्यावर येऊन बांगड्या भरू लागल्या.

पुढची नागपंचमी आली. त्याने मुद्दाम निरोप धाडला होता, "मी घरी आहे." चांगुणा आली नाही. निरोपावर तिचा विश्वास बसला नसावा. रखमाजी दिवसभर ओट्यावर बसून राहिला. संध्याकाळी त्याने लिंबाला पाणी घातलं आणि दार लोटून घेतलं.

दिवाळी होऊन गेल्यावर एका साध्याच दिवशी, सण नाही की वार नाही, चांगुणा न सांगता आली. खरं आहे की नाही तेच बघायला आली असणार. रखमाजी पायरीजवळ वाकून माती भुसभुशीत करत होता. तिला पाहून तो हाताची माती झटकत उठला.

"हे काय लावलंत बाबा?" चांगुणाने विचारलं.

"लिंबू."

"फळ कधी धरणार?"

"अजून दोन-तीन वर्षं तरी नाही."

चांगुणाने डोक्यावरचं बोचकं ओट्यावर ठेवलं, पदर खोचला आणि विचारलं, "बादली कुठे आहे?"

या गोष्टीतून घ्यायचं तात्पर्य असं: दोन गोष्टींत चांगली कोणती, हे जगाला विचारत फिरण्याआधी आपल्या माणसाला काय हवंय ते विचारावं, आणि आपण काय द्यायला तयार आहोत ते स्वतःला विचारावं.