काळवेशीतली खोळ

तेलात कालवलेला शेंदूर देवाला लावतात. लेपावर लेप चढत जातो आणि काही पिढ्यांनी त्याचे दगडासारखे कवच होते. त्या कवचाला खोळ म्हणतात. कधीतरी ती आपल्याच भाराने सुटते. तेव्हा 'देवाने खोळ टाकली' असे म्हणून लोक ती वाजतगाजत नदीत सोडतात. खोळ 'पडली' असे कोणी म्हणत नाही. ती 'काढली' असे म्हणण्याची वेळ तर नीरगावात कधी आलीच नव्हती. ती वेळ आणायला याच शहराच्या वारसा जतन समितीचा अध्यक्ष श्रीनिवास टाकळकर निघाला होता.

"म्हणजे खाली मारुती नाहीच, असं म्हणतोस?" नृसिंहशास्त्र्यांनी विचारले.

"नाही, गुरुजी. सूर्य आहे."

मूर्तिशास्त्र श्रीनिवास याच शास्त्र्यांच्या पायाशी बसून शिकला होता. आज प्रथमच, त्यांनी न पाहिलेले काही तो त्यांना दाखवत होता. काळवेस या जुन्या दरवाज्यातल्या मारुतीच्या डाव्या अंगाला खोळीचा टवका उडाला होता. आत काळा पाषाण दिसत होता आणि पाषाणात कोरलेले, पुरते उमललेले कमळ.

"मारुतीच्या हातात कमळ कधी पाहिलंत?"

"गदा पाहिली. पर्वत पाहिला. कमळ..."

शास्त्री वाकले. टवक्याशी डोळा नेऊन बराच वेळ तसेच राहिले. सरळ झाले तेव्हा त्यांचाही चेहरा उजळला होता.

"देठ पाहिलास का रे? खांद्यापर्यंत चढलाय, सूर्याच्या कमळाचा चढतो तसा."

"पाहिला. तेव्हापासून झोप उडाली आहे माझी. गुरुजी, असा सूर्य आपल्या मुलखात दुसरा नाही. तुम्ही फक्त हो म्हणा."

त्या 'हो'वरच सारे अडले होते. शहरातल्या प्रत्येक घरपट्टीबरोबर जतनासाठी थोडी रक्कम घेतली जाई आणि ती कुठे लावायची हे समिती ठरवी. पण समितीच्या ज्येष्ठ सदस्याने जागेवर जाऊन, तिथल्या वस्तीसमक्ष होकार दिल्याखेरीज पैसा सुटत नसे. हा नियम शास्त्र्यांनीच घालून दिला होता आणि ज्येष्ठ सदस्यही तेच होते. बाकीच्या सदस्यांनी आधीच माना डोलावल्या होत्या. खोळ उतरवणारे कारागीर परगावाहून येऊन पारावर बसले होते.

शनिवार होता. तेलशेंदराच्या वाट्या घेतलेली रांग वेशीबाहेर गेली होती. तिथवर बातमी पोचली होती.

"काय हो टाकळकर," रुईच्या माळा ओवता ओवता ठकूबाई म्हणाली, "आमच्याच पट्टीच्या पैशात आमच्याच देवाचे कपडे उतरवताय म्हणे?"

रांग हसली.

"कपडे नव्हेत, बाई. थर आहेत. आत फार जुनी मूर्ती आहे."

"असंल की. तिला कुणी नवस बोललंय का?"

रांग पुन्हा हसली. श्रीनिवास गुरुजींकडे वळला.

"जतन मूळ वस्तूचं करायचं, हे तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं."

"मग मूळ वस्तू आत आहे. वर आहे ती नुसती भर."

शास्त्र्यांनी ठकूबाईच्या पाटावरची शेंदराची एक वाटी उचलली आणि शिष्यापुढे धरली.

"लाव."

"मी? गुरुजी, जे उतरवायचं त्यात मीच आणखी..."

"चपला काढ. रांगेत उभा राहा."

"साहेब, शेवट तिकडं आहे," ठकूबाईने हात लांब करून दाखवले.

श्रीनिवास मागे जाऊन उभा राहिला. त्याच्यापुढे तालमीतला एक पोरगेला पहिलवान होता. तो मान वळवून म्हणाला, "डावा गुडघा आमचा."

"म्हणजे?"

"आमच्या घरचा शेंदूर तिथंच लागतो. आजोबांपासून. पोटावर तांबोळ्यांचा, खांद्यावर वेशीतल्या गुरवांचा. तुमची जागा कुठली?"

"माझी... नाही."

"मग घ्या एखादी मोकळी. देव मोठा आहे."

रांग सरकत होती. श्रीनिवास आता पाहू लागला. खरोखरच कोणाचा हात चुकत नव्हता. एक म्हातारा डोळ्यांनी अधू होता. त्याने चाचपत कोपरापाशी बोटे नेली, तिथला खळगा सापडताच हसला आणि लेप लावला. ज्याला श्रीनिवास आजवर सरसकट थर म्हणत आला होता, त्यात उंचवटे होते, खळगे होते, वहिवाटी होत्या. आणि तरीही कमळ समोर होते. ते विसरता येत नव्हते.

त्याची पाळी आली.

कमळ झाकले जाणार नाही अशा बेताने, त्याच्या खाली वीतभर अंतरावर, त्याने शेंदराने भरलेला पंजा टेकवला. खोळ उन्हाने तापली होती. एखाद्याच्या पाठीवर हात ठेवावा तशी ती लागली. त्याने हात काढला. पाच बोटांचा ओला ठसा उमटला होता.

"बसली जागा," लेप लावून बाजूला थांबलेला पहिलवान म्हणाला.

कोणी हसले नाही. ठकूबाईनेही माळ ओवणे थांबवले. सगळे शास्त्र्यांच्या तोंडाकडे पाहत होते...

पुढचे नीरगावात चुकीचे सांगतात. शास्त्र्यांनी शिष्याचा हात धरला, 'नाही' म्हटले आणि देव वाचला, असे सांगतात. कोणी त्यांच्या डोळ्यांत पाणी आणतात. शास्त्र्यांनी नकार दिला नाही, आणि त्यांचे डोळे कोरडे होते, चमकत होते. त्यांनी कारागिराकडून खोळ खरवडायची पोलादाची पातळ पात मागून घेतली, ती श्रीनिवासच्या शेंदरी हातात ठेवली आणि त्या ओल्या ठशाकडे बोट दाखवून सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असे म्हणाले,

"पैसा मंजूर. आता इथं तुझीही जागा आहे. इथून सुरुवात कर."