दूरदृष्टीचा तास

माझ्या आठवणीवर माझाच फारसा भरवसा नाही. त्या दिवशी वारा होता की नव्हता, याचीसुद्धा मला कितीतरी वर्षे खात्री नव्हती.

मी लहान होतो तेव्हा आमच्या विहिरीवरच्या बाभळीत सुगरण पक्ष्यांची शाळा भरत असे. सर्वांत सुबक घरटे गुरुजींचे होते आणि त्यात तीन अंडी होती. गुरुजी विषय एकच शिकवत, दूरदृष्टी.

"शेजाऱ्याच्या घरट्यातलं पातं ओढलं, तर पुढं काय होईल?" त्यांनी विचारले.

"कुणी पाहिलं नाही तर आपलं घरटं लवकर होईल," पहिल्या नंबरचा सोनतुरा म्हणाला. "पाहिलंच, तर वाऱ्यानं नेलं म्हणायचं."

"शाब्बास. दोन्ही बाजूंचा विचार केलास."

"गुरुजी," मागच्या फांदीवरचा काटकुळ्या चाचरत म्हणाला, "ते घरटं विहिरीत पडेल. आत अंडी असतील."

"अंडी तुझी आहेत का?"

"नाही."

"मग ते तुझं भविष्य कसं? गप्प बस."

परीक्षेला प्रत्येकाने घरटे विणायचे होते. गवत लांब होते आणि गुरुजींचे घरटे जवळ. जवळजवळ प्रत्येकाने त्यातले एकेकच पाते घेतले. एका पात्याने असे काय होते? दुपारी घरटे विहिरीत पडले.

गुरुजी पाण्यावर एक घिरटी घालून परतले. मग त्यांनी विचारले, "कुणी केलं?"

"वाऱ्यानं, गुरुजी," वर्ग एका सुरात म्हणाला. काटकुळ्या तेवढा त्या सुरात नव्हता. तो गवत आणायला लांब गेला होता, त्याचे घरटे अर्धेच झाले आणि तो नापास झाला.

पुढे म्हातारपणी मी वेधशाळेत जाऊन त्या तारखेची नोंद काढली. वारा नव्हता.