गुणाजी मामांचा गाडा आणि झिलूची गाठ

खाडीकाठी एका गावात एक भोळा भाचा होता, नाव झिलू. भोळा म्हणजे किती? मामीने एकदा सांगितलं, "चुलीवरच्या दुधाकडे बघ." दूध उतू गेलं, चूल विझली, झिलू आपला बघतोच आहे.

त्याचे मामा गुणाजी. त्यांची एक होडी होती, आणि होडी पाण्यापर्यंत न्यायचा लोखंडी गाडा. मामांच्या वडिलांनी तो जुन्या जीपच्या चाकांवर बांधलेला. मामांचा त्याच्यावर भारी जीव. पण गाडा आता गंजून पार लाल झाला होता.

नारळी पौर्णिमा तोंडावर आली तसे मामा म्हणाले, "झिलू, गाडा रंगवून नव्यासारखा कर. नीट केलास तर पौर्णिमेला तुला होडीत घेईन."

झालं! आजवर झिलूला कुणी होडीत पायसुद्धा ठेवू दिला नव्हता. तो जीव तोडून कामाला लागला. गंजावरच त्याने निळा रंग फासला. दुसऱ्याच दिवशी पोपडे निघाले.

"अरे शहाण्या, रंगाआधी जुनं सगळं खरवडून काढायचं असतं!"

"बरं, मामा."

झिलूने सगळं खरवडलं. पुढच्या पट्टीवर मामांच्या वडिलांनी आपल्या हाताने काढलेलं स्वतःचं नाव होतं. तेही खरवडलं.

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मेल्या, जुनं ते जपायचं असतं रे!"

"बरं, मामा."

रंग झाला. गाडा अगदी दृष्ट लागण्यासारखा दिसायला लागला. होडी वर चढवली. बांधायला मामांनी नवाकोरा दोर आणून दिला. झिलूने तो माळ्यावर टाकला, आणि आजोबांच्या वेळचा कुजका दोर शोधून काढून बांधला. उतारावर तो तुटला. होडी घसरली ती थेट शेजाऱ्यांच्या गोठ्यात. होडीला काही झालं नाही, पण म्हशीने दोन दिवस दूध दिलं नाही.

मामांनी कपाळावर हात मारला. "दोर नवा घ्यायचा! गाठ आवळून मारायची! आणि मग कुणी कितीही बोंबललं तरी सोडायची नाही!"

"कुणीही म्हणजे तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा! माझा बाप स्वर्गातून उतरला तरी!"

"बरं, मामा."

पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला. गाडा पाण्यात ढकलला, होडी तरंगली. मामा शब्दाला जागले. झिलूला मागच्या टोकाला बसवलं आणि इंजिन सुरू केलं. झिलूला आभाळ ठेंगणं झालं.

थोडं पुढे गेल्यावर होडीचं मागचं टोक खाली जायला लागलं. पाणी आत आलं.

"काय अडकलंय रे?"

"अडकलं काही नाही, मामा. आपला गाडा आहे. नव्या दोराने बांधलाय."

"अरे, गाठ सोड! बुडतोय आपण!"

काठावरून अख्खा गाव ओरडला, "सोड रे, सोड!" पाणी कमरेला लागलं. मामांनी हात जोडले. "झिलूबाबा, पाया पडतो तुझ्या. सोड!"

झिलू गालातल्या गालात हसला. गाठीवर दोन्ही हात घट्ट धरून म्हणाला, "मामा, मला काय एवढा खुळा समजता?"