गोठणीवरची टिटवी

एका राज्यात रस्ते माणसांपेक्षा लवकर वाढत. तिथला राजा सुषेण मनाने चांगला, पण स्वभावाने उतावळा. त्याची राणी माल्यवती बाळंतपणात अडली, तेव्हा राजवैद्य देवशर्मांना आणायला सोन्याचा रथ धाडला गेला. रथ भर चौकात गाड्यांच्या गर्दीत अडकला. वैद्य पोहोचले तेव्हा पाळण्यात नवजात हेमांगी रडत होती आणि राणीचे डोळे कायमचे मिटले होते.

राजाने मांत्रिक वक्रनासाला बोलावले.

"कोणाचेही चाक कधी अडणार नाही, असे रस्ते मला दे."

वक्रनासाने राखेच्या रंगाची दोरी पुढे केली. "सरळ ताणावी, महाराज. तिच्याखाली रस्ता उठेल. एवढंच, की तिला नेहमी पुढचं टोक लागतं."

गरजवंताला अक्कल नसते. या बोलण्याचा अर्थ राजाने विचारलाच नाही.

त्याने आमराईवर दोरी ताणली. झाडे जमिनीत विरघळली आणि रुंद रस्ता उठला. दिवाळीपर्यंत रथ वाऱ्यासारखे धावले. मग रस्ता दिसला म्हणून कोपऱ्यावर जाणाराही बैल जुंपू लागला, शेजारच्या राज्यांतले तांडे याच वाटेने वळले, आणि गाडीला गाडी भिडली. राजाने तळ्यावर दुसरा रस्ता उठवला. तोही तसाच तुंबला. आगीतून निघून फुफाट्यात पडणे ते हेच. सावली गेली, पाणी गेले, शहरावर धुळीचे छत धरले. त्या धुळीत वाढलेल्या हेमांगीला दम लागू लागला.

एका दुपारी तिचे ओठ निळे पडले. सोन्याचा रथ पुन्हा वैद्यांकडे धावला आणि थोड्याच वेळात दूत धापा टाकत परतला.

"महाराज, रथ अडला. त्याच चौकात."

राजा दोरी घेऊन वाड्याच्या मागच्या दाराने धावला. तिथे शहरातली शेवटची मोकळी जागा होती, जुनी गोठण. दुपारी गुरे विसाव्याला बसत तीच. राजाने दोरीचे टोक मातीत रोवले, पण तिच्या वाटेत एक टिटवी अंड्यांवर बसली होती.

"बाजूला हो, अपशकुनी!"

"मी उठले तर अंडी जातील, राजा. मग गोठण जाईल. तुझी लेक उद्या श्वास कुठून घेईल?"

"वैद्य आले नाहीत तर तिला उद्याच नाही!"

"वैद्य कुठे आहेत?"

"चौकात."

"चौक इथून दिसतो का?"

दिसत होता. गोठणीच्या पलीकडे, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर रथाचा कळस चमकत होता.

"मग ते चालत का येत नाहीत?"

"राजवैद्यांनी जमिनीला पाय लावायचा नाही. तो त्यांचा मान आहे."

"कोणी ठरवला?"

तो राजानेच ठरवला होता, राज्याभिषेकाच्या दिवशी, मोठ्या कौतुकाने.

"राणी गेली तेव्हाही मी इथेच बसले होते," टिटवी म्हणाली. "रथ तेव्हाही तिथेच उभा होता."

राजा गोठणीत खाली बसला आणि रडू लागला.

"रडायला वेळ नाही. तीन कामं कर. मान मोड. माणूस आण. दोरी वाटोळी ठेव."

टिटवी समुद्र आटवते म्हणतात. हिने एका राजाचा ताठा आटवला. सुषेण गवतातून अनवाणी पळाला. देवशर्मा औषधांची पेटी मांडीवर घेऊन रथात बसले होते.

"वैद्यराज, उतरा."

"महाराज, नियम..."

"तो मी मोडला."

म्हाताऱ्याचे गुडघे धरलेले होते. राजाने त्यांना पाठीवर घेतले आणि गोठण ओलांडली. मोकळ्या जागेला रस्ता लागत नाही. पाऊल पडेल तिथे तिची वाट असते. हेमांगीला वाफारा मिळाला, मात्रा चाटवली, आणि संध्याकाळच्या आत तिचे ओठ पुन्हा गुलाबी झाले.

मग राजा परत गेला. त्याने दोरी गोठणीभोवती वाटोळी मांडली आणि टोकाला टोक बांधले. दोरी सापासारखी वळवळली, पुढचे टोक शोधू लागली, ते मिळेना तशी निपचित पडली. त्याच क्षणी तिचे दोन्ही रस्ते भुगा होऊन उडाले. तांडे आपापल्या राज्यांना वळले. तळे वर आले. आमराई मात्र आली नाही. जादूने खाल्लेली झाडे हाताने लावावी लागतात. राजाने पहिली कोय स्वतः पुरली.

दोरीचे वेटोळे अजून तिथे आहे, आणि त्याच्या आत कोणी चाक नेत नाही. पिल्ले अंड्यांतून बाहेर आली, तेव्हा हेमांगी ती पाहायला वडिलांचे बोट धरून चालत गेली. चौक पाहून तिने विचारले,

"बाबा, आई आजारी होती तेव्हा तुम्ही इथून वैद्यांना आणायला का नाही गेलात?"

राजाने खोटे सांगितले नाही.

"मी रस्त्याकडे बघत उभा होतो, बाळ."

तिने त्याचे बोट घट्ट धरले. दोघे गोठणीतून हळूहळू घरी आले. त्यांना घरी पोहोचवून गोष्टही आता विसाव्याला बसली.