बंद करा, दहा मोजा, चालू करा

एका गावच्या ग्रामपंचायतीत एक भोळा शिपाई होता. त्याचं नाव सावळा. जन्मला तेव्हा तो रडला नाही. रड म्हणून त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी नर्स शेवंताकाकूंनी पाठीत एक धपाटा घातला, "रड की रे बाबा!" म्हणाल्या, तेव्हा तो रडला. मग थांब म्हणेपर्यंत रडतच राहिला.

याच काकू आता निवृत्त होऊन पेन्शनीवर जगत होत्या. दर नोव्हेंबरात त्यांना हयातीचा दाखला द्यावा लागे. अर्धं गाव त्यांच्या हातून जन्मलेलं, पण त्या जिवंत आहेत या गावाच्या शब्दाला किंमत नव्हती. यंदा तर दाखला इंटरनेटवरूनच पाठवायचा होता. महिना संपायला आठवडा उरला होता. दाखला गेला नाही तर पेन्शन थांबणार, आणि काकूंना दुसरा आधार नव्हता.

ग्रामसेवक भाऊसाहेबांनी इंटरनेटचा डोंगल आणला. "सावळा, हे कॉम्प्युटरला लाव. सॉफ्टवेअर टाक. अडलं तर कंपनीच्या मॅडमना फोन कर. मी तालुक्याला चाललो." भाऊसाहेब नेहमीच तालुक्याला चाललेले असत.

सावळाने डोंगल लावला. कॉम्प्युटरवर आलं, 'चूक झाली आहे.' सावळाने कॉम्प्युटरची माफी मागितली आणि फोन लावला.

मॅडम म्हणाल्या, "आत जुनं सॉफ्टवेअर आहे, म्हणून नवं बसत नाही. आधी जुनं पूर्ण काढा, मग नवं टाका."

"बरं."

तेवढ्यात पाण्याची वेळ झाली. मोटर लावून गावाच्या टाकीत पाणी चढवणं हेही सावळाचंच काम. बघतो तर टाकी अर्धी भरलेली. म्हणजे आत जुनं होतं. त्याने ते सगळं गटारात सोडलं आणि नवं चढवायला मोटरीकडे गेला, तर वीज गेली. दोन दिवस गाव कोरडं राहिलं.

भाऊसाहेब फोनवरून कडाडले, "यापुढं ग्रामसभेला विचारल्याबिगर कशाला हात लावलास तर बघ!"

"बरं."

सावळा पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसला. जुनं काढलं, नवं टाकायला घेतलं. कॉम्प्युटरने विचारलं, 'वरील अटी मान्य आहेत का?' सावळाने दवंडी पिटली. मारुतीच्या पारावर ग्रामसभा बसली. अटी सदतीस होत्या. सावळाने त्या वहीत उतरवून आणल्या होत्या, त्या तो एकेक वाचू लागला. अकराव्या अटीला सदानाना उभे राहिले.

"कंपनी जबाबदार राहणार नाही, म्हंजे? मग राहणार कोण?"

त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. दोन तास वाद झाला. विरोधी गट उठून गेला आणि गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली. सावळाने 'मान्य नाही' दाबलं. सॉफ्टवेअर मुकाट्याने बंद झालं.

सावळाने पुन्हा मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अहो, त्या अटी कुणीच वाचत नाही. जे विचारेल त्याला डोळे झाकून 'हो' म्हणायचं."

"बरं."

फोन ठेवतोय तोच सदानाना आले. "सावळा, घरी लगीन हाय. पंचायतीच्या खुर्च्या नेऊ का?"

सावळाने डोळे झाकले. "हो."

"आन् टेबल?"

"हो."

नानांच्या मागून कुणीतरी विचारलं, "मग मोकळ्या जागेत म्हस बांधू का?"

"हो."

डोळे उघडले तेव्हा कॉम्प्युटर जमिनीवर होता आणि शेजारी म्हैस होती. पण कॉम्प्युटरलाही त्याने 'हो'च म्हटलं, आणि सॉफ्टवेअर बसलं! फक्त इंटरनेट जोडलं जाईना. पडद्यावर एक चाक नुसतं फिरत राहिलं.

मॅडम म्हणाल्या, "अडकलं की घाबरायचं नाही. बंद करायचं, शांतपणे दहा मोजायचे, पुन्हा चालू करायचं."

सावळाने तसं केलं आणि इंटरनेट आलं. तो हरखून गेला. आयुष्यात पहिल्यांदा सांगितलेलं काम नीट झालं होतं. मॅडमचं वाक्य त्याने मनात पक्कं करून ठेवलं.

शेवटच्या दिवशी काकू आल्या. "आता तुझ्यावरच हाय बाबा," म्हणाल्या आणि ठसे घेणाऱ्या यंत्रावर बोट ठेवलं. 'ठसा जुळत नाही.' दुसरं बोट ठेवलं. 'ठसा जुळत नाही.' पस्तीस वर्षं बाळंतपणं केली, साबणाने हात धुऊन धुऊन बोटं गुळगुळीत झालेली. दहाही बोटं झाली, पण एकही जुळेना.

"घाबरू नका काकू," सावळा म्हणाला. "तुम्ही अडकलात."

पडद्यावर दोन बटणं होती, 'जिवंत' आणि 'मयत'. सावळाने 'मयत' दाबलं. मरायला ठसा लागत नव्हता. कॉम्प्युटरने विचारलं, 'खात्री आहे?' सावळाने डोळे झाकून 'हो' दाबलं. 'ही नोंद पुन्हा बदलता येणार नाही. चालेल?' 'हो.'

मग त्याने शांतपणे दहा मोजले आणि काकूंना चालू करायला गेला. चालूचं बटण नव्हतं.

तरी सावळा घाबरला नाही. त्याला पहिला धडा आठवला. जुन्या काकू पूर्ण निघाल्या होत्या, आता नव्या टाकायच्या. त्याने जन्मनोंदीची वही काढली. जन्मतारीख, आजची. वजन, अंदाजे पंचावन्न किलो. प्रसूती कुणी केली? शेवंताकाकूंनी. गावात दुसरं करतं कोण? दाखला लिहून त्याने वर शिक्का मारला आणि काकूंच्या हातात दिला.

काकूंनी तो दोनदा वाचला. "मेल्या, माझी पेन्शन रे?"

"मिळणार की, काकू! आजपासनं अठ्ठावन्न वर्षांनी. आता नवं हाय, अडकायचं नाही."

काकूंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला, अगदी पहिल्यासारखा. सावळा रडला नाही. रड म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. काकू दारापर्यंत गेल्या, तेव्हा त्याला काहीतरी आठवलं आणि तो मागून धावला.

"काकू, ह्या रविवारी पोलिओचा डोस हाय. तेवढा चुकवू नका."