स्वतःचे पाय बांधणारी भिवरा

एका राज्यात चिंचांनी वेढलेलं एक तळं होतं, आणि त्या तळ्याकाठी दर चैत्रात झोक्यांची जत्रा भरत असे. शंभर चिंचांना शंभर झोपाळे. जत्रेची रीत अशी, की ज्याचा ज्याच्याशी अबोला असेल त्यानंच त्याला झोका द्यायचा. जावा जावांना झोके देत, सासरे जावयांना देत. उंच गेलेल्या माणसाला खालच्यावर रागावता येत नाही, आणि झोका देणाऱ्याला धाप लागली की भांडण आठवत नाही. संध्याकाळी सगळे एकमेकांच्या शिदोऱ्या खात घरी परतत. इतकी गोड जत्रा दुसरीकडे कुठं नव्हती, हे मी छातीठोकपणे सांगतो.

राजा सुरंगरायाचा तर तिच्यावर भारी जीव. एके वर्षी पाऊस अवेळी आला आणि बारा झोपाळे रिकामे राहिले. राजाला ते पाहवेना. त्यानं काळकंठ नावाच्या मांत्रिकाला तिथंच बोलावून सांगितलं, “जो एकदा आला, तो दर वर्षी आलाच पाहिजे.”

मांत्रिकानं चिमूटभर राख उडवली. तेव्हापासून जत्रेच्या दिवशी सूर्य उगवला की आधी आलेल्यांचे पाय आपोआप चालू लागत. तापानं फणफणलेला उठे, म्हातारी काठीशिवाय निघे. झोपाळे भरले, पण हसू आटलं. आणि लोक पडले बिलंदर! भांडण झालं की मिटवायचं सोडून म्हणत, “राहू दे, चैत्रात झोक्यावर मिटेलच की.” वर्षभर घरोघरी अबोला नांदू लागला.

त्या राज्यात भिवरा नावाची एक बाई वाखाचे, घायपाताच्या तंतूंचे, दोर वळत असे. जत्रेचे सगळे दोर तिच्या हातचे. धाकटी बहीण लवंगा घाटापलीकडे दिली होती आणि तिचे दिवस भरत आले होते. सुईण म्हणाली, “दिवस नेमके जत्रेलाच भरतात गं. त्या दिवशी ही घाट चढली, तर ना ही राहील, ना बाळ.”

भिवरानं हातातला वाख खाली ठेवला आणि ती मांत्रिकाकडे निघाली.

काळकंठ जांभळाच्या ढोलीत गुडघे चोळत बसला होता.

“मांत्रिकबाबा, तुमचा मंत्र सोडवा.”

“सुटला असता तर मीच नसता का सोडवला? मंत्र टाकला तेव्हा मीही जत्रेतच उभा होतो, हे ध्यानात आलं नाही. दर वर्षी हे गुडघे घेऊन चालतो आहे, बाई!”

“मग उपाय?”

“तीन पेडांचा दोर वळ. पहिला पेड, जत्रेच्या पहिल्यावहिल्या झोक्याच्या दोराचा. दुसरा, राजाच्या पागोट्यातल्या धाग्याचा, राजानं राजीखुशीनं दिलेल्या. तिसरा, जत्रेवर ज्याचा सगळ्यांहून जास्त जीव आहे त्याच्या केसांचा. त्या माणसानं जत्रेच्या दिवशी सूर्य उगवताच त्या दोरानं आपले पाय आपल्या हातानं बांधायचे आणि मावळतीपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. मग सगळ्यांचाच मंत्र सुटेल.”

पहिला दोर जुनाट चिंचेवर भारद्वाज पक्ष्याच्या घरट्यात होता. भारद्वाज म्हणाला, “देतो. पण आधी सांग, झोक्यावरून काय दिसतं? मी पक्षी खरा, पण मला धड उडता येत नाही.”

भिवरा म्हणाली, “आपलं घर दिसतं. एवढंसं. ज्याच्यापायी वर्षभर जीव आटवला ते एवढंसंच होतं, हे पाहून हसू येतं.”

पक्ष्यानं दोर दिला आणि तिच्या खांद्यावर बसून तोही निघाला.

भिवरानं धागा मागितला तेव्हा राजा सुरंगराय म्हणाला, “दोर वळलास तर जत्रेला कोण येईल?”

“ज्याला यावंसं वाटेल तो, महाराज.”

“आणि कुणालाच वाटलं नाही तर?”

“तर निदान तेवढं तरी कळेल. आज तेही कळत नाही.”

 राजानं पागोटं उतरवलं आणि आपल्या हातानं धागा ओढून दिला.

राहिला तिसरा पेड. भिवरा गावोगाव फिरली. हलवायाला विचारलं, तो म्हणाला, “जत्रा नको, पण पाय ऐकत नाहीत.” ढोलवाल्याला विचारलं, तो म्हणाला, “माझे हात तिथं, जीव घरी.” एका आजीनं तर नाव काढताच कानांवर हात ठेवले. भिवरा थकून बांधावर बसली आणि तिला रडू आलं. “अरे, असं कसं कुणालाच वाटत नाही? माझ्या आईनं मला त्या तळ्याकाठी पीळ घालायला शिकवलं. दोर ताणला गेला की चिंच करकरते, तो आवाज मी वर्षभर कानात धरून असते.”

भारद्वाज म्हणाला, “बाई, केस तुझेच काप.”

भिवरा चमकली. मंत्रानं ओढलं नसतं तरी ती दर वर्षी गेलीच असती. सगळ्या राज्यात घरी बसायचं ते नेमकं तिनंच! पण बहिणीपुढे जत्रा कशी मोठी? तिनं वेणी कापली आणि दोर वळला.

जत्रेची पहाट झाली. घाटापलीकडे लवंगाच्या घरी सूर्य वर आला, आणि कळा देणाऱ्या लवंगाचे पाय खाटेवरून खाली उतरले. सुईणीनं तिला घट्ट धरलं. आदल्या दिवशीच तिच्याकडे येऊन राहिलेल्या भिवरानं त्याच घराच्या उंबऱ्याआड बसून आपल्या पायांना दोर गुंडाळला आणि गाठ मारली. दोर ताणला गेला, घोट्यांत रुतला, पण तुटला नाही. तिच्या हातचा दोर आजवर तुटला नव्हता. लवंगाचे पाय थांबले. राज्यातल्या साऱ्या वाटांवर साऱ्यांचे पाय थांबले.

मग घाटावरून ढोल ऐकू आला, आणि भिवरा लहान पोरीसारखी रडली. आता तिला मंत्र ओढत नव्हता, तिचं मनच ओढत होतं. गाठ सोडायला एक बोट पुरलं असतं. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. दुपारी आतून बाळाचं रडणं आलं, तेव्हा ती रडता रडता हसली.

सूर्य मावळला, दोराची राख झाली आणि भारद्वाज अडखळत अंगणात उतरला.

“किती झोके रिकामे?” भिवरानं विचारलं.

“साठ.”

“महाराज?”

“स्वतः झोके देत होते. येईल त्याला विचारत होते, ‘तू का आलास?’ प्रत्येकाकडे उत्तर होतं. ते ऐकून महाराज कितीदा तरी हसले.”

त्या सालापासून ज्याला जमेल तो जत्रेला जाई आणि न जाणारे आपली भांडणं घरीच मिटवू लागले. मांत्रिक मात्र पुन्हा गेला नाही. त्याचं कुणाशी भांडणच नव्हतं म्हणे.

पण त्या रात्री लवंगानं बाळाला पाजता पाजता विचारलं, “ताई, माझ्यापायी तुझी जत्रा चुकली. पुढल्या वर्षी जाशील ना?”

बाळानं भिवराचं बोट मुठीत धरलं होतं. त्या राज्यात कितीतरी वर्षांत कुणाला म्हणता आलं नव्हतं ते भिवरा अगदी सहज म्हणाली, “बघू.”