ओंजळभर पाणी आणि कोरडा नाला

ही गोष्ट अगदी खरी आहे, शपथेवर सांगतो. ज्याने ती मला सांगितली, तो गृहस्थ माझ्याशी आयुष्यात एकदाही खोटे बोलला नाही. कारण आमची भेटच कधी झाली नाही. असो. खरेपणाविषयी खात्री पटली असेल, तर ऐका.

एकदा एक तरुण अभियंता कोकणातून घाटावरच्या एका कोरड्या नगरीत नोकरीला आला. त्याच्या गावचा पाऊस असा, की खुंटीला टांगलेल्या छत्रीवर शेवाळ धरे आणि गणपती येईपर्यंत अंगणातल्या बेडकांना घरची माणसे नावानिशी हाका मारू लागत. नव्या नगरीत मात्र आजोबांनी घेतलेली छत्री नातवाला कोरी मिळे. आषाढाचे ढग डोक्यावरून न थांबता निघून जात, तेव्हा हा बिचारा खिडकीशी बसून कौलांवरचा तो जुना आवाज आठवत राही. त्या आवाजातच तो लहानाचा मोठा झाला होता.

नगरीच्या मधून एक दगडी नाला गेला होता. रुंद, खोल आणि वर्षानुवर्षे कोरडा. त्यात मुले विटीदांडू खेळत, शेळ्या सावलीला बसत, आणि एकदा तर म्हणे एका लग्नाची पंगतही त्यातच उठली होती. तो बांधला होता त्याच नगरीतल्या एका अभियंत्याने, आपल्या तरुणपणी. आता ते वृद्ध झाले होते. सगळे त्यांना आबा म्हणत आणि नाल्याला ‘आबांची नदी’ म्हणून हसत. आबाही हसत. कोकणातून आलेल्या तरुणाला पहिल्या दिवसापासून त्यांनीच हाताशी धरून काम शिकवले होते.

पुढे नगरीतल्या एका व्यापाऱ्याच्या मनात आले, की हा नाला बुजवावा, खाली हातभर रुंदीचे गटार ठेवावे आणि वर दुकानांची रांग उभी करावी. निर्णय तरुणाच्या अभिप्रायावर होता. नाल्याच्या खालच्या अंगाला कुंभारवाडा होता, पण कुंभारांना कोणी विचारले नाही.

तरुणाने अभ्यास केला, अगदी मनापासून. आसपासच्या मुलखातल्या पर्जन्यमापकांच्या वार्षिक बेरजा त्याने आणवल्या आणि त्या पाहून त्याला हसू आले. त्याच्या गावी एकट्या आषाढात याहून अधिक पडे. मग त्याने घरामागच्या ओहोळाची रुंदी आठवली आणि सरळ त्रैराशिक मांडले: पाऊस जितक्या पटीने कमी, तितक्या पटीने गटार लहान. नकाशा काखोटीला मारून तो भर दुपारी आबांकडे गेला.

“आबा, सांगायला जीभ रेटत नाही. तुमचा नाला बुजवावा लागणार.”

“माझा कुठला? मी काय त्यात राहतो?”

“हिशेबच तसा येतो. इथल्या पावसाला आमच्याकडे पाऊस म्हणत नाहीत, दव म्हणतात.”

“बरं बरं, पावसाचे जहागीरदार. उन्हातून आलात, आधी पाणी प्या.”

आबा काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन ओट्यावर आले. पेला आणलाच नाही. “ओंजळ धर,” म्हणाले.

तरुण पायरीवर नकाशा ठेवून वाकला. शाळेतून आल्यावर आई पडवीत अशीच पाणी घालायची, हे त्याला आठवले. आबांनी बारीक धार धरली. सगळा तांब्या संपला. खाली थेंब सांडला नाही.

“अजून?”

“घोटभर.”

आबा आत जाऊन जेमतेम अर्धा भरलेला तांब्या घेऊन आले. तरुणाने ओंजळ धरली आणि आबांनी तो तांब्या एकदम पालथा केला. पाणी नाकात गेले, सदरा भिजला, पायरीवरच्या नकाशाची शाई ओघळली.

“आबा, ही काय थट्टा?” तरुण ठसकत म्हणाला.

“पहिलं पाणी जास्त होतं, की दुसरं?”

“पहिलं.”

“मग सदरा दुसऱ्यानं कसा भिजला? मधल्या वेळात तुझी ओंजळ आटली का?”

तरुणाच्या कोपरांवरून पाणी ठिबकत राहिले.

“वर्षाचा पाऊस किती, हे शेतासाठी बघायचं,” आबा शांतपणे म्हणाले. “गटारासाठी बघायचं, तो किती वेळात पडला. तू आमच्या पावसाची बेरीज आणलीस, स्वभाव नाही आणलास. तुमचा पाऊस माहेरपणाला आलेल्या लेकीसारखा. चार महिने राहतो, घराला त्याची सवय असते. आमचा वरातीसारखा. वर्षभर रस्ता ओस, आणि आला की घटकाभर मुंगीला वाट नाही.”

“असा पाऊस तुम्ही पाहिलाय?”

“एकदा. लहान होतो. आमचं घर कुंभारवाड्यात. वडिलांची कच्ची मडकी अंगणात वाळत होती, दुसऱ्या दिवशी भट्टी लागायची होती. पाऊस घटकाभरच पडला. उघडल्यावर वडील अंगणात मडकी शोधत होते, आणि अंगणात नुसती माती होती. अजून ओल्या मातीचा वास आला, की मला त्यांची पाठ दिसते.”

“आणि नाला बांधल्यावर?”

“नाही आला.”

“म्हणून तर लोक हसतात, आबा.”

“हसू दे. हसायला शिल्लक आहेत ना, तेवढं बास.”

तरुण परतला. त्याने पुन्हा सगळ्या मुलखाचे आकडे मागवले. या खेपेस वर्षाचे नव्हे, तर एकेका सरीचे, घटकेघटकेचे. आणि अभिप्राय लिहिला, की नाला आहे तसा राहावा. व्यापारी म्हणाला, “साहेब, त्यात सोडायला पाणी गावाहून आणणार वाटतं?” तरुण नुसता हसला. कसे हसायचे, ते तो आबांकडून शिकला होता.

त्याच वर्षी आश्विनात भरदुपारी अंधारून आले आणि आभाळ पालथे झाले. नाला दगडी काठापर्यंत भरून वाहिला. कुंभारवाड्यातले एक मडके हलले नाही, आणि व्यापारी हातात वहाणा घेऊन काठावर उभा राहिला.

आता शपथ घेतलीच आहे, तर खरे सांगतो. हा शेवटचा पाऊस मी पाडला. ओंजळ खरी, भिजलेला सदरा खरा, मातीची पुन्हा माती झाली तेही खरे. पाऊस मात्र त्या वर्षी आला नाही, पुढेही आला नाही. आबा गेले. नाला अजून कोरडा आहे. तो अभियंताही आता पिकला आहे. दर वैशाखात तो शेळ्या बाहेर काढून नाला झाडून घेतो, लोक हसतात, तोही हसतो. आणि घरी कोणी उन्हातून आले, तर पेला न देता म्हणतो, “ओंजळ धरा.”

पाणी मात्र तो बारीक धारेने घालतो.